सदाफुलीची दोन नावे

भारतात २००८ साली सुरू झालेल्या फार्म.डी. अभ्यासक्रमाचे सहावे वर्ष रुग्णालयात जाते. कर्करोग विभागात येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही प्रथम वाचायला शिकवतो. व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही दोन्ही औषधे सदाफुलीतून मिळालेली. नावांत फरक थोड्या अक्षरांचा, मात्रेत मात्र कैक पटींचा. व्हिन्क्रिस्टिन शिरेतूनच द्यायचे. पाठीच्या कण्यात गेले तर बहुधा मृत्यूच. म्हणून नाव, मात्रा, मार्ग एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पडताळायचे. साहित्यात पाठभेदांवर वाद रंगतात. येथे त्यांना जागा नाही.

अर्थनिर्णयन मात्र सुटत नाही. 'हे औषध कशाचं?' या प्रश्नाला एका विद्यार्थिनीने 'दारातल्या सदाफुलीचं' असे उत्तर दिले. आजींनी लगेच विचारले, 'मग पानं उकळून प्यायली तर?' ती पाने विषारी, हे सांगण्यात त्या विद्यार्थिनीची उरलेली दुपार गेली.