बव्हेरियातील शरद : एक वसाहत आणि एक राजवाडा

जर्मनीच्या दक्षिण टोकाला असलेल्या बव्हेरिया राज्यात शरद ऋतूतील स्वच्छ, उबदार दिवसांना ‘सोनेरी ऑक्टोबर’ म्हणतात. म्युनिकचा जगप्रसिद्ध उत्सव महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच आटोपतो, गर्दी ओसरू लागते आणि बीच व मेपल वृक्षांची पाने पिवळी, तांबूस होत जातात. सकाळी नद्यांच्या खोऱ्यांत दाट धुके असते. ते विरले की दक्षिणेला आल्प्सची रांग एकाएकी समोर उभी राहते. दिवस मात्र लहान असतो. म्युनिकमधून भाड्याची मोटार घेतली, तर ऑग्सबुर्ग, लेश नदीचे खोरे, फ्यूसन, गार्मिश आणि परत म्युनिक हे वर्तुळ चार-पाच दिवसांत निवांतपणे पूर्ण होते.

बहुतेक प्रवासी थेट राजवाड्याकडे धाव घेतात. वाट थोडी वाकडी करून आधी ऑग्सबुर्गला जाणे अधिक श्रेयस्कर. पाचशे वर्षांपूर्वी हे शहर युरोपच्या सावकारीचे एक मोठे केंद्र होते आणि याकोब फुगर हा त्या सावकारांचा मुकुटमणी. १५१९ साली पाचव्या चार्ल्सची सम्राटपदी निवड व्हावी म्हणून सुमारे साडेआठ लाख गिल्डर खर्ची पडले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम एकट्या फुगरने उसनी दिली होती. पुढे वसुली रेंगाळली, तेव्हा या सावकाराने खुद्द सम्राटाला पत्र लिहून आपल्या पैशांची आठवण करून दिली. त्या काळी असे धारिष्ट्य फार थोड्यांना परवडले असते.

याच माणसाने १५२१ मध्ये शहरातील कष्टकरी, गरजू कुटुंबांसाठी ‘फुगराय’ नावाची वसाहत दान केली. आजही वापरात असलेली जगातील सर्वांत जुनी सामाजिक वसाहत म्हणून ती ओळखली जाते. गेरूसारख्या पिवळ्या रंगाच्या दुमजली घरांच्या सरळ रांगा, भिंतींवर चढलेल्या आणि ऑक्टोबरात लालभडक झालेल्या वेली, मध्ये एक कारंजे. घराचे वार्षिक भाडे एक ऱ्हेनिश गिल्डर ठरले होते. ते आजही तेवढेच, म्हणजे ०.८८ युरो आहे. वीज, पाणी व तापवणीचा खर्च वेगळा. पर्यटकाला आत शिरण्यासाठी जे तिकीट काढावे लागते, तेवढ्या रकमेत रहिवाशाचे कित्येक वर्षांचे भाडे फिटते! भाड्याच्या जोडीला एक अट आहे. रहिवाशाने दात्याच्या कुटुंबासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. दान निरपेक्ष नव्हते, हे त्यावरून दिसते. परंतु त्याची घडी मात्र पक्की होती. रात्री दहाला दरवाजे बंद होतात आणि उशिरा येणाऱ्याला किरकोळ दंड भरावा लागतो. प्रत्येक दारावरील घंटेच्या ओढणीचा आकार निराळा आहे. रस्त्यांवर दिवे नव्हते, तेव्हा अंधारात हाताने चाचपून आपले दार ओळखता यावे, हा त्यामागचा हेतू. संगीतकार मोझार्टचे पणजोबा, व्यवसायाने गवंडी, याच वसाहतीत राहिले होते. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात वसाहतीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला आणि तो पुन्हा उभारला गेला. फुगर घराण्याने मागे ठेवलेल्या जंगलांच्या उत्पन्नातून आजही बराच खर्च भागतो. सम्राटांना दिलेली कर्जे बुडाली, पेढी संपली, पण जंगल वाढत राहिले.

ऑग्सबुर्गहून दक्षिणेला जाणारा रस्ता ‘रोमँटिक रोड’ या पर्यटनमार्गाचा शेवटचा टप्पा होय. कुरणे, कांद्याच्या आकाराच्या घुमटांची चर्चे आणि वाटेत शेताच्या कडेला मांडलेले केशरी भोपळे. तेथे विक्रेता नसतो. एक फळी, त्यावर किंमत आणि पैसे टाकण्याची छोटी पेटी, एवढेच. शाकाहारी प्रवाशाने या भागात थोडी दक्षता घ्यावी. चीज घातलेले ‘स्पेट्सलं’ सर्वत्र मिळते, पण त्याच्या पिठात अंडे असते. ब्रेझेलमध्येही काही ठिकाणी प्राणिजन्य चरबी वापरतात. विचारले की स्पष्ट उत्तर मिळते.

फ्यूसनजवळ डोंगराच्या कड्यावर नॉयश्वानस्टाइन दिसू लागतो. पांढरे मनोरे, खाली तांबूस-सोनेरी रान आणि मागे पहिल्या हिमाने माखलेली शिखरे. याला किल्ला म्हणावे तर कोणत्याही शत्रूला अडवण्यासाठी तो बांधलेला नाही. १८६९ साली पायाभरणी झाली, तेव्हा युरोपात आगगाड्या धावत होत्या. राजा दुसरा लुडविग अठराव्या वर्षी गादीवर आला आणि अल्पावधीत बव्हेरियाचे स्वातंत्र्य प्रशियाच्या छायेत गेले. राज्य करण्याजोगे फारसे उरले नाही, तेव्हा त्याने मध्ययुगाचे स्वप्न दगडात उभारायला घेतले. त्याची पहिली चित्रे वास्तुविशारदाने नव्हे, तर नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या ख्रिस्तियान यांक या कलावंताने काढली. आत मात्र उष्ण हवेने खोल्या तापवण्याची यंत्रणा, मजल्यामजल्यावर नळाचे पाणी आणि विजेच्या घंटा होत्या. सिंहासनाच्या दालनात सारे काही आहे, फक्त सिंहासन नाही. ते बसवण्यापूर्वीच राजा गेला.

लुडविगने हा खर्च सरकारी तिजोरीतून नव्हे, तर खाजगी उत्पन्नातून आणि कर्जातून केला. अंदाजपत्रक सुमारे बत्तीस लाख मार्कांचे होते. खर्च जवळजवळ दुप्पट झाला. एकाच वेळी तीन राजवाडे चालू असल्याने १८८५ पर्यंत कर्ज सुमारे १ कोटी ४० लाख मार्कांवर गेले आणि परदेशी सावकार जप्तीची भाषा करू लागले. तरीही राजा नवे कर्ज शोधतच राहिला. जून १८८६ मध्ये मंत्रिमंडळाने चार वैद्यांकडून त्याला वेडा ठरवून घेतले. त्यांनी राजाची प्रत्यक्ष तपासणी केलेली नव्हती. १३ जून रोजी श्टार्नबर्ग सरोवरात त्याचा आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्या डॉ. बर्नहार्ड फॉन गुडन यांचा मृतदेह सापडला. त्या संध्याकाळी नेमके काय घडले, यावर आजही वाद आहे. या राजवाड्यात त्याचे एकूण वास्तव्य अवघे १७२ दिवसांचे. आपला एकांत कोणी पाहू नये, असे वाटणाऱ्या या राजाच्या मृत्यूनंतर सात आठवड्यांत, १ ऑगस्ट रोजी, तिकीट लावून दरवाजे उघडण्यात आले. १८९९ पर्यंत देणी फिटली. आज दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक येथे येतात. कर्ज देणाऱ्याला हे तारण खरे तर उत्तम होते. चूक होती ती केवळ मुदतीची.

जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत लुडविगचे राजवाडे जागतिक वारसा यादीत दाखल झाले. त्याच बैठकीत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांनाही तो मान मिळाला. महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रवाशाला दोहोंतील अंतर चटकन जाणवते. रायगड, राजगड, प्रतापगड यांच्या प्रत्येक बुरुजामागे लढाईची गरज होती. येथे बुरूज आहेत, पण त्यांवर कधी पहारेकरी उभा राहिला नाही.

गार्मिशजवळील त्सुगश्पित्से, उंची २,९६२ मीटर, हे जर्मनीचे सर्वोच्च शिखर. आयब्झे सरोवराच्या हिरव्यानिळ्या पाण्याजवळून रोपवे थेट वर नेतो. निरभ्र दिवशी चार देशांतील शिखरे दिसतात. पायाशी पसरलेला पठारी भाग मात्र मन उदास करतो. तेथील दक्षिणेकडच्या हिमनदीला ‘हिमनदी’ म्हणणे २०२२ साली शास्त्रज्ञांनी थांबवले, इतकी ती आक्रसली होती.

म्युनिकला परतल्यावर मारियनप्लाट्झ चौकात सकाळी अकराला नगरभवनाच्या मनोऱ्यावरील बाहुल्या नाचताना पाहण्यास गर्दी जमते. तेथून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर सेंट मायकेल चर्च आहे. त्याच्या तळघरात, इतर राजपुरुषांच्या शवपेट्यांमध्ये, लुडविगची शवपेटी आहे. इतर पेट्या बहुधा रिकाम्या दिसतात. त्याच्या पेटीवर मात्र कोणी ना कोणी ताजी फुले ठेवून गेलेले असते.