लंडनचे धुके कुठे गेले?

विलायतेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारतात. राजवाडा पाहिलात का, आणि धुके कसे होते? राजवाड्याचे वर्णन मी पुष्कळ रंगवून करतो. परंतु ‘धुके नव्हते हो’ असे म्हटले, की ऐकणाऱ्याचा चेहराच पडतो! पूर्ण पैसे घेऊन नाटकाचा एक अंक कमी दाखवावा, तशी त्याची समजूत होते.

नोव्हेंबर-डिसेंबरचे सहा आठवडे मी दक्षिण लंडनमध्ये लेकीकडे होतो. थंडी होती, रिपरिप पाऊस होता, दुपारी चारच्या सुमारास अंधारत होते. एखाद्या सकाळी नदीवर विरळ पांढरे धुकेही तरंगताना दिसले. पण शेरलॉक होम्सच्या गोष्टींतून आमच्या पिढीने ज्याची ओळख करून घेतली, ते पिवळे, दाट, खिडकीला चिकटून बसणारे धुके काही भेटले नाही. क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार १८९९ ते १९०१ या काळात मुद्दाम येथे येऊन राहिला आणि सॅव्हॉय हॉटेलातून दिसणारे थेम्सवरचे धुके त्याने रंगवले. लंडनकरांनी मात्र त्याला ‘वाटाण्याचे सूप’ असे नाव ठेवले होते. आपण असतो तर ‘पिठले’ म्हटले असते!

या पिठल्याला रंग येत असे तो कोळशाच्या धुराने. जॉन इव्हलिन या गृहस्थाने १६६१ सालीच राजा दुसरा चार्ल्स याला या धुराविरुद्ध एक पुस्तिका सादर केली होती. धुराचे धंदे शहराबाहेर न्यावेत आणि भोवती सुगंधी झाडे लावावीत, असे त्याने सुचवले. पुढे तीनशे वर्षे लंडनकर खोकत राहिले.

लेकीच्या शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहतात. ‘तुमच्या वडिलांना धुक्याची हौस आहे ना? मग त्यांना चहाला घेऊन ये,’ असा त्यांचा निरोप आला. चहा फिका होता, पण बाईंच्या आठवणी कडक होत्या. १९५२ साली त्या दहा वर्षांच्या होत्या. ५ डिसेंबरला, शुक्रवारी, धुके उतरले. वारा पडला होता. वर उबदार हवेचे झाकण बसले होते आणि खाली थंड हवा कोंडली होती. कडाक्याच्या थंडीमुळे घरोघरच्या शेगड्या दिवसरात्र पेटलेल्या. चांगला कोळसा निर्यात होई आणि घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याला हलका, भुकटीचा माल येई. घरांचा धूर, कारखान्यांचा धूर, वीजकेंद्रांचा धूर, सारा त्या झाकणाखाली साठत गेला. गंधकाच्या धुराचे धुक्याच्या थेंबांत आम्ल झाले.

‘मी कुंपणाचे गज चाचपीत घरी येत असे,’ बाई सांगत होत्या. ‘वडील बसवर कंडक्टर होते. बत्ती घेऊन ते बसपुढे चालत आणि मागून ड्रायव्हर त्यांच्या उजेडावर गाडी आणी. शेवटी बसगाड्याच बंद झाल्या. आईचे पांढरे पडदे आतल्या बाजूने काळे झाले.’

मग जरा थांबून त्या म्हणाल्या, ‘चौथ्या दिवशी आजोबा गेले. छाती आधीच अधू होती त्यांची. डॉक्टरांनी दाखल्यावर ब्राँकायटिस लिहिले. धुराचे नाव कुठेच नव्हते.’

९ डिसेंबरला वारा सुटला आणि धुके गेले. त्या पाच दिवसांत काय घडले, हे कोणाच्या फारसे ध्यानात आले नव्हते. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहातला संगीत नाटकाचा प्रयोग प्रेक्षकांना रंगमंच दिसेना म्हणून थांबवावा लागला, याचीच अधिक चर्चा झाली असेल! पुढे मृत्यूंच्या नोंदींची बेरीज झाली, तेव्हा सुमारे चार हजार माणसे नेहमीपेक्षा जास्त दगावल्याचे दिसले. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे.

सरकार प्रथम टाळाटाळच करीत होते. लोकांनाही घरातली शेगडी सोडवत नव्हती. आपल्याला देवघर, तशी इंग्रजाला ती धगधगणारी शेगडी. तरीही १९५६ साली ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’ झाला. नेमलेल्या भागांत धूर करण्यास बंदी आली. पण नुसती बंदी घालून कायदा थांबला नाही. शेगडी बदलण्याच्या खर्चाचा सात-दशांश भाग घरमालकाला परत मिळण्याची सोय त्यात होती. मला हे कलम सर्वांत शहाणपणाचे वाटले. अर्थात धुके एका दिवसात गेले नाही. डिसेंबर १९६२ मध्ये ते पुन्हा येऊन कित्येक बळी घेऊन गेले.

ही हकीकत ऐकल्यावर लंडन मला निराळे दिसू लागले. पंतप्रधानांच्या १०, डाउनिंग स्ट्रीटच्या घराची वीट मुळात पिवळी आहे, हे तुम्हांला ठाऊक होते का? दोन शतकांच्या काजळीने ती काळी पडली. दुरुस्तीच्या वेळी खरा रंग उघडा झाला, तेव्हा तो लोकांना ओळखीचा वाटेना, म्हणून विटांना काळा रंग फासण्यात आला! नदीकाठचे बँकसाइडचे वीजकेंद्र १९८१ साली बंद पडले. २००० पासून तेथे टेट मॉडर्न हे चित्रसंग्रहालय आहे. त्या ९९ मीटर उंच, थंडगार चिमणीखाली उभे राहून मी मान मोडेपर्यंत वर पाहिले. आकाश स्वच्छ होते.

‘बाबा, स्वच्छ दिसते एवढेच,’ मुलगी म्हणाली.

तिच्या या बोलण्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला. नातवाला शाळेत पोचवायला मी निघालो. त्याला दमा आहे. दप्तरात डब्याशेजारी निळा पंप असतो. हमरस्त्याने शाळा दहा मिनिटांवर, पण हा पठ्ठ्या मला गल्लीबोळांतून घेऊन चालला. ‘आजोबा, आई त्या रस्त्याने जाऊ देत नाही,’ त्याने खुलासा केला. तो रस्ता म्हणजे साउथ सर्क्युलर. रात्रंदिवस मोटारी आणि मालट्रक वाहणारा.

याच रस्त्यापासून अवघ्या पंचवीस मीटरवर, लुईशॅममध्ये, एला किसी-डेब्रा ही मुलगी राहत असे. दम्यापायी तिला जवळजवळ तीस वेळा इस्पितळात न्यावे लागले. फेब्रुवारी २०१३ मध्ये, नवव्या वर्षी, ती गेली. तिच्या आईने पाठपुरावा सोडला नाही. डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने निकाल दिला, की हवेचे प्रदूषण हे तिच्या मृत्यूचे एक कारण होते. ब्रिटनमध्ये मृत्यूच्या कारणांत हवेचे नाव येण्याची ही पहिलीच वेळ. शेजारच्या बाईंच्या आजोबांच्या दाखल्यावर जे लिहिले गेले नाही, ते अडुसष्ट वर्षांनी एका मुलीसाठी लिहिले गेले.

हा नवा धूर दिसत नाही. त्यातला अडीच मायक्रॉनचा कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याइतका. तो नाकात अडकत नाही. फुप्फुसाच्या तळाशी जातो, तेथून रक्तात शिरतो. दम्याबरोबरच हृदयविकार आणि पक्षाघातही वाढवतो. म्हणून ऑगस्ट २०२३ पासून जवळजवळ सगळ्या लंडनमध्ये जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या मोटारीला दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागू लागले. आमच्या जावयांनी आपली डिझेलची गाडी विकली, पण महिनाभर कुरकुरत! शेगडी सोडताना त्यांचे सासरे-आजेसासरे इंग्रज असते, तर तेही असेच कुरकुरले असते.

आणि आपण? गिरणगावच्या चिमण्यांसाठी मुंबईत धूरविरोधी कायदा १९१२ सालीच झाला. हवेसाठी देशाचा कायदा १९८१ चा. म्हणजे कायद्यांची आपल्याला टंचाई नाही. ‘आपल्याला समुद्र आहे, वारा सगळे घेऊन जातो,’ असे मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला. पण हिवाळ्यात तो वारा मंदावतो, आणि बांधकामांची धूळ, वाहनांचा धूर, जळता कचरा येथेच रेंगाळतो. बारीक कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. आपले प्रमाण ४० चे. २०२३ च्या दिवाळीत तर मुंबई उच्च न्यायालयाला फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० एवढीच वेळ ठेवून द्यावी लागली.

दिवाळीच्या अंकात हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात आकाशकंदील लागलेला असेल, आणि आतल्या खोलीत कुणाचे तरी आजोबा उशीला टेकून खोकत असतील. त्यांना डॉक्टरांकडे न्याल तेव्हा छातीच्या नळकांड्यांबरोबर एवढेही विचारा, की आपण राहतो तिथल्या हवेचा यात वाटा किती? डॉक्टरांनी ते कागदावर लिहिले तर फारच उत्तम. लंडनचे धुके हटायला सुरुवात झाली, ती मेलेल्या माणसांची नीट मोजदाद झाल्यावर.