झाडाचा धनी

आमच्या तिगावात संत्रा लावणाऱ्याला घाई चालत नाही. कलम रानात लावलं की धड फळ हाती यायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर बुंध्याला बोर्डो लावा, डिंक्या आला का पाहा, आणि बहार धरायची वेळ आली की पाण्याचा ताण कधी तोडायचा यावरून घरात भांडा. म्हणूनच असेल, रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तला झाडांचा मजकूर मला मुत्सद्द्यापेक्षा शेतकऱ्याचा वाटतो.

पंत शिवाजी महाराजांच्या 1674च्या राज्याभिषेकातल्या अष्टप्रधानांपैकी. राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा इकडचा सगळा कारभार त्यांच्या गळ्यात पडला, आणि औरंगजेब तर उरावर बसलेला. त्या अनुभवातून 1715-16च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी ‘आज्ञापत्र’ सिद्ध झालं. मॅकियाव्हेलीनं पद गेल्यावर ‘द प्रिन्स’ लिहिलं, हॉब्जनं परागंदा असताना ‘लेव्हायथन’. पंतांच्या लिखाणाला मात्र चालत्या दप्तराचा वास आहे. गडावरचा केर जाळून राख परसातल्या भाजीला घालावी, हेसुद्धा ते राजनीतीतच सांगतात.

झाडं येतात ती आरमाराच्या प्रकरणात. जहाजांना लाकूड हवं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं अगदीच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं. जबरदस्ती नाही म्हणजे नाही. (व्हॉट्सॲपवर हा मजकूर शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून फिरतो. धोरण महाराजांच्या परंपरेतलं, ग्रंथ पंतांचा.) पंतांच्या आधी पाव शतक जॉन लॉकनं माणसाच्या श्रमातून मालकी सिद्ध केली होती. पंत सिद्ध काही करत नाहीत. श्रमासोबत ते वर्षं मोजतात, आणि झाड गेल्यावरचं दुःखही. मला हा हिशेब अधिक पुरा वाटतो.

पंत काही विरक्त नव्हते. इनामं देऊ नयेत, वतनदार म्हणजे राज्याचे छोटे वाटेकरी, असं बजावणाऱ्या या गृहस्थांच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर पिढ्यान्‌पिढ्या राहिली. शिवाय आमच्या भागाला त्यांची आज्ञा कधी लागूही नव्हती. तेव्हा इथं देवगडच्या गोंड राजांचा अंमल. नागपूरकर भोसले मागाहून आले.

आता आम्हाला लागू आहे तो 2013चा भूसंपादन कायदा. त्यात जमिनीबरोबर झाडांचं मोल वेगळं काढतात, वर दिलासा रक्कमही मिळते. पैशाच्या बाबतीत तो पंतांच्या पुढेच गेलाय. पण खासगी कंपनीच्या प्रकल्पाला जमीनधारकांची संमती लागते, सरकारच्या स्वतःच्या कामाला नाही. तिथं बागाईतदारानं फार तर साठ दिवसांत हरकत नोंदवायची. पंतांचं आरमार सरकारीच होतं, तरी लाकडासाठी आधी झाडाच्या धन्याला विचारायचं होतं.