शक्तिमानचे पाठभेद

शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवणाऱ्या माणसाने लष्कराच्या जुन्या मालट्रकांविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण गेली काही वर्षे माझे रविवार ज्या मंडळींत जातात, त्यांचा हाच विषय आहे. नरडाण्याकडे मुंबई-आग्रा महामार्गालगत एका डिझेल मिस्त्रीचे गॅरेज आहे. तेथे सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार, ज्यांना सगळे नाना म्हणतात, एक बँक कर्मचारी, आमच्या महाविद्यालयाचे दोन माजी विद्यार्थी आणि मी असे जमतो. कोठे एखादी जुनी गाडी पडून असल्याचे कळले की ती पाहायला जायचे आणि ती मूळची कोणती हे ठरवायचे, एवढाच आमचा उद्योग. हे काम पाठचिकित्सेच्या किती जवळचे आहे, हे मला तेथे उमगले.

खेड्यात कोणालाही विचारा, ‘मिल्ट्रीनी गाडी शे’ एवढेच उत्तर मिळते. खरी वंशावळ मात्र गुंतागुंतीची असते. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात फोर्ड आणि शेव्हरोले यांनी एकाच नमुन्याच्या लष्करी लॉऱ्या लाखांनी बांधल्या. आखूड नाक आणि वरून पुढे झुकलेली समोरची काच ही त्यांच्यातील उत्तरकालीन गाड्यांची ओळख. काचेवरची चकाकी विमानातून दिसू नये म्हणून तिला हा उलटा कल दिलेला होता. बाहेरून या दोघी जुळ्या बहिणी; बॉनेट उघडले की फोर्डचे आठ सिलिंडरचे व्ही इंजिन आणि शेव्हरोलेचे एका रांगेतील सहा सिलिंडर यांवरून घराणे कळते. पुढे १९५४ साली टाटांनी मर्सिडीज-बेंझशी करार केला आणि १९६९ पर्यंत त्यांच्या मालट्रकांवर तीन टोकांची चांदणी मिरवली. १९५९ पासून पश्चिम जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला शक्तिमान बनू लागला. साध्या मालट्रकात फक्त मागची चाके ओढतात, शक्तिमानची चारही. म्हणून त्याच्या पुढच्या आसावरही डिफरन्शियलचा गोळा असतो. नाना कोणत्याही गाडीजवळ गेले की आधी वाकून तो गोळा पाहतात. १९९० च्या दशकात शक्तिमानचे उत्पादन थांबले आणि त्याची जागा स्टॅलियनसारख्या गाड्यांनी घेतली.

सैन्यातून लिलावात निघालेल्या गाडीच्या खुणा मात्र लवकर पुसल्या जातात. लष्करी क्रमांकाच्या आरंभी वर टोक केलेला बाण असतो आणि त्यापुढील दोन अंक गाडी सैन्यात दाखल झाल्याचे वर्ष सांगतात. लिलावानंतर ही पाटी जाते. रंगही जातो, कारण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार संरक्षण खात्याखेरीज कोणाच्याही वाहनाला ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. त्यामुळे नव्या रंगाचा पोपडा निघाला आणि खाली तो हिरवा दिसला, की जुन्या पोथीत हरताळ लावून झाकलेले अक्षर हाती लागल्याचा आनंद होतो.

तालुक्यातील एका कोरडवाहू गावात अशीच एक गाडी आम्हांला मिळाली. पाठीवर पाण्याची टाकी, वर निळा रंग, त्याखाली पिवळा, सर्वांत खाली हिरवा. पुढच्या आसावरून आणि इंजिनवरून ती शक्तिमान ठरली. पुण्याच्या एका संग्राहकाने ती विकत घ्यायचे ठरवले. टाकी काढून, सारे रंग खरडून, सैन्यातील मूळ रूपात ती आपल्या अंगणात उभी करण्याचा त्याचा विचार होता. नानांना तो मनापासून पटला. १९७१ च्या युद्धात त्यांनी अशाच शक्तिमानमधून दारूगोळा वाहिला होता. ते म्हणाले, “सर, रणगाड्यांसाठी नगरला संग्रहालय झालं. रणगाड्यापर्यंत गोळे कोणी पोचवले, ते कोण दाखवणार? हिचा खरा रंग हाच.”

गाडीच्या मालकाची वृद्ध आई ओट्यावर बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, “ती सैन्यात होती, ते तुम्ही शोधून काढलं, भाऊ. आमच्याकडे ती बावीस उन्हाळे पाणी वाहत होती. ते कुठं लिहिलंय?”

यावर आमच्यापैकी कोणाजवळच उत्तर नव्हते. मूळ पाठ शोधणारा मनुष्य उत्तरकालीन भराकडे प्रक्षेप म्हणून पाहतो, आणि प्रक्षेप म्हटले की ते काढून टाकण्याची घाई होते. ज्यांनी वाडे आणि देवघरे पालथी घालून जुने कागद जमवले, ते इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली आमच्याच धुळ्यात वारले. मूळ साधनाचा त्यांचा ध्यास आम्हां खानदेशी अध्यापकांच्या अंगवळणी पडला आहे. परंतु भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती मला येथे अधिक जवळची वाटते. संपादकांनी उत्तरकालीन श्लोक मुख्य संहितेतून वगळले. फेकून मात्र दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. कोणत्या प्रांताने कथेत कोणती भर घातली, हे त्यामुळे आजही वाचता येते. तो प्रक्षेप म्हणजे त्या त्या प्रांताने महाभारताशी मांडलेल्या संसाराची नोंदच असते.

नानांचे म्हणणे खोटे नाही. वाहतुकीच्या शिपायाचे स्मारक सहसा होत नाही, आणि ती हिरवी गाडी अंगणात उभी राहिली तर ते होईल. पण त्यासाठी बावीस उन्हाळ्यांची तहान खरडून काढावी, हे मला मान्य होत नाही. मालट्रकाचे काम ओझे वाहण्याचे. सीमेवर त्याने दारूगोळा वाहिला आणि आमच्या तालुक्यात पाणी; यांतील एकच ओझे अस्सल कसे मानायचे?

शेवटी जमले ते एवढेच. विद्यार्थ्यांनी खरडण्याआधी तिन्ही थरांची छायाचित्रे घेतली. आजी सांगत गेल्या आणि आम्ही लिहून घेतले: कोणत्या वस्तीला कोणत्या महिन्यात किती खेपा, कोणत्या विहिरीवर टाकी भरायची, रात्री दिवे लावून कोठे थांबायचे. संग्राहकाला द्यावयाच्या ओळखपत्रिकेत सैन्यातील सेवेखाली ही सारी माहिती परिशिष्ट म्हणून जोडली. नानांनी ती वाचली आणि एका खेपेला गाडीत किती लिटर पाणी मावत असे, हा आकडा राहिल्याचे दाखवून दिले. एका बाजूच्या मडगार्डवर निळा रंग तसाच ठेवावा, अशी विनंतीही आम्ही केली आहे. संग्राहकाने अजून होकार दिलेला नाही.