व्हॅलेटातील हिशेब

‘दूरस्थ काम’ या शब्दप्रयोगातील ‘दूर’ नेमके कशापासून, हा प्रश्न व्हॅलेटात राहताना आम्हांस वारंवार पडला. माल्टाची ही राजधानी १५६५च्या तुर्की वेढ्यानंतर, १५६६मध्ये वसवली गेली. क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरहूनही कमी. सरळ रेषेत आखलेले रस्ते पायऱ्यापायऱ्यांनी समुद्राकडे उतरतात. पिवळसर दगडी घरांना रंगीत लाकडी सज्जे आहेत. स्थानिक मंडळी तिला केवळ ‘इल-बेल्ट’, म्हणजे ‘शहर’, म्हणतात.

अध्ययनरजेचे सहा महिने आम्ही दोघे तेथे होतो. पदव्युत्तर वर्गाची एक अभ्यासपत्रिका मात्र स्वखुशीने चालू ठेवली होती. आपल्याकडील सकाळी दहाचा तास म्हणजे तेथे हिवाळ्यातील पहाटेचे साडेपाच. तास आटोपून खाली उतरावे, तर दुकानात गरम पास्टिझी आणि कानांवर माल्टी भाषा. ही अरबी कुळातली भाषा रोमन लिपीत लिहिली जाते आणि सिसिली-इटालियन शब्दांनी भरलेली आहे. ‘दिन्या’ म्हणजे दुनिया, ‘क्तीब’ म्हणजे पुस्तक, हे ऐकताच उलगडे. ‘ह्सीब’ने मात्र आम्हांस थांबवले. ज्या अरबी धातूपासून आपला ‘हिशेब’ आला, त्याच धातूचा हा शब्द. पण तेथे त्याचा अर्थ ‘विचार’!

त्याच सुमारास आमच्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंध सोडून देण्याचे बोलून दाखवले. मराठीत एम. ए. करून पुढे काय, हा घरचा हिशेब. तिला आम्ही डुन कार्म या कवीविषयी सांगितले. १९१२पर्यंत ते इटालियनमध्ये लिहीत. प्रतिष्ठेची भाषा तीच होती. मग ते स्वयंपाकघराची आणि बंदराची समजली जाणारी माल्टी भाषा लिहू लागले आणि पुढे राष्ट्रकवी ठरले. १९३४मध्ये माल्टी राजभाषा झाली, २००४मध्ये युरोपीय संघाची अधिकृत भाषा. बोलणारे सुमारे पाच लाख. २०११च्या जनगणनेनुसार मराठी भाषकांची संख्या आठ कोटींहून अधिक आहे.

तथापि ही तुलना सोयीची करून चालणार नाही. माल्टाच्या विद्यापीठातही बहुतांश अध्यापन इंग्रजीतूनच होते. तेथील शिक्षकही मुलांच्या वाचनाची चिंता करतात. दर्जा मिळाल्याने भाषेला मान मिळतो, उपजीविका मिळतेच असे नाही. २०२४मध्ये मराठीस अभिजात दर्जा लाभल्यानंतरही आमच्या वर्गातील तो प्रश्न जागचा हललेला नाही. डुन कार्म धर्मगुरू होते; त्यांच्या पोटापाण्याची सोय कवितेवर अवलंबून नव्हती, हेही त्या मुलीस सांगणे आम्हांस आवश्यक वाटले.

तिने लघुप्रबंध पूर्ण केला. नोकरीचा शोध अद्याप चालू आहे. साडेचार तासांच्या अंतरावरून तिच्याशी बोलताना आम्ही तिच्यापासून दूर नव्हतो. दुरावा असतो तो हिशेब आणि विचार यांत, आणि तो वर्गात समोरासमोर बसूनही असू शकतो. मराठीच्या अध्यापकाने या दोन्ही अर्थांची जबाबदारी घेतली पाहिजे. निव्वळ भाषाप्रेमाच्या बळावर विद्यार्थ्यांना या वाटेवर बोलावण्याचा अधिकार आपल्याला नाही.