थुंकी निगेटिव्ह, तरी दम

चि. छकुली,

वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात तू रुजू झाल्याचं ताईनं कळवलं. आनंद झाला. वाशीमच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं 2024 मध्ये उद्घाटन झालं खरं, पण खेड्यातली बाई आधी तुझ्याच दारात येणार. म्हणून एका आजाराबद्दल लिहिते. नाव लिम्फॅन्जिओलायोमायोमॅटोसिस, आम्ही छातीचे डॉक्टर त्याला लॅम म्हणतो.

हा जवळजवळ फक्त बायकांचा आजार, तोही बहुधा ऐन मुलंबाळं होण्याच्या वयातला. फुप्फुसात पातळ भिंतीच्या गोल पोकळ्या होत जातात. सोयाबीन सोंगताना धाप लागते, एखादी पोकळी फुटली की छातीत हवा साठते. एवढं तू वाचलेलं असशील. मला काळजी आहे ती भलतीच तक्रार घेऊन येणाऱ्या बाईची.

कुशीत कळ आणि लघवीत रक्त, म्हणजे मुतखडा, असं सगळेच धरून चालतात. सोनोग्राफीत मूत्रपिंडावर चरबीची गाठ दिसली, तर तिथेच थांबू नकोस. लॅमच्या साधारण तिघींपैकी एकीला अशी गाठ असते, आणि ती 4 सेंटिमीटरच्या पुढे गेली की रक्तस्रावाची भीती वाढते. दुसरी कुणी पोट जड झालं म्हणून येईल. पोटातल्या लसिकावाहिन्यांच्या गाठी अंडाशयाचा कॅन्सर वाटू शकतात. या गाठी सकाळी लहान असतात आणि दिवसभर उभ्यानं काम केलं की संध्याकाळी मोठ्या दिसतात. कॅन्सरची गाठ अशी वेळ पाहून बदलत नाही.

छातीतल्या पाण्याचं नीट ऐक. टीबीचं पाणी बहुधा पिवळसर निघतं. इथे सुई घातली की सिरिंजमध्ये पांढराशुभ्र, दुधासारखा द्रव चढतो. पू समजून फेकू नकोस. ट्रायग्लिसराइड तपासायला पाठव. डेसिलिटरमागे 110 मिलिग्रॅमच्या वर आलं, तर तो लसिकेचा रस आहे. लघवी दुधाळ झाली की आपल्या विदर्भात हत्तीरोग आठवतो, आणि आठवायलाच हवा. पण त्या बाईला दमही लागत असेल, तर छातीकडे वळ.

आपल्याकडे खरी अडचण टीबीची. थुंकी निगेटिव्ह, तरी गोळ्या सुरू. उतार नाही, मग दम्याचा पंप. तेही नाही, तर ‘टेन्शन घेते’. यात वर्षं जातात. एक्स-रे सुरुवातीला साफ असू शकतो, पोकळ्या दिसतात त्या छातीच्या एचआरसीटी स्कॅनमध्ये. त्यासाठी तिला अकोल्याला किंवा नागपूरला पाठवावं लागलं, तरी पाठव.

इतका दुर्मीळ आजार आपल्याकडे कुठला, असं म्हणशील. दहा लाख बायकांत 3 ते 8 ही जुनी मोजदाद. नवे अंदाज वीसच्या आसपास जातात. 2011 च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्यात बायका पावणेसहा लाखांच्या घरात होत्या. म्हणजे दोन-चार तरी, कदाचित दहा-बारा जणी. त्यांतल्या किती जणींच्या फाईलवर टीबी लिहिलेलं असेल?

औषध नसतं तर हे लिहायला लेखणी उचलली नसती. ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतल्या जंतूपासून सुरेन सहगल यांच्या चमूनं सिरोलिमस वेगळं केलं. बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेला हा माणूस! 2011 मध्ये 89 बायकांवरच्या चाचणीचा निकाल आला: औषध चालू असेतो फुप्फुसांची घसरण थांबते, बंद केलं की पुन्हा सुरू होते. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, म्हणून लवकर ओळखण्याला एवढी किंमत.

निदान झालं, तर तिच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या आधी बंद कर, आणि पुढच्या बाळंतपणाचा धोका नवऱ्याला आणि सासूला सोबत बसवून समजावून सांग.

तरुण बाई, विडी-सिगारेट नाही, थुंकी निगेटिव्ह आणि तरी दम, अशी कुणी आली की तिच्या मूत्रपिंडांची सोनोग्राफी मागव आणि मला फोन कर. रात्र असली तरी कर.

तुझी,
मावशी
नागपूर