घर, शाळा आणि देवास रोड

उज्जैनला आम्ही घर शोधतोय असं मंडळात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "महाकाळाच्या जवळ का?" आणि मग जरा थांबून दुसरा: "पण तुम्ही तर कॅथलिक ना?"

दोन्हींची उत्तरं एकदाच देऊन टाकते. आजोबा नगर जिल्ह्यातले. रेल्वेत लागले, बदलीने उज्जैनला आले आणि तिथेच राहिले. शिंद्यांच्या काळापासून उज्जैनला मराठी माणूस नवा नाही, पण मराठी कॅथलिक म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९६८ साली हा भाग सिरो-मलबार चर्चच्या मिशनऱ्यांकडे सोपवला गेला. त्यामुळे फादर-सिस्टर बहुतेक केरळचे, मिस्सा हिंदीत, आणि रात्रीची रोझरी मात्र आजीच्या नगरी मराठीत. महाकाळाच्या बाजूचं म्हणाल, तर २०२२ मध्ये महाकाल लोक झाल्यापासून तिथल्या गल्ल्यांमधून सुट्टीच्या दिवशी सायकल काढणंही अवघड आहे. शिवाय २०२८ च्या सिंहस्थासाठी जुन्या शहरात रस्ते रुंद होतायत आणि कित्येक घरांचे पुढचे भाग पाडले गेलेत. पहिलंच घर घ्यायचं आणि त्याचा ओटा उद्या राहील का याची काळजी करायची, हे पप्पांना जमणारं नव्हतं.

आम्ही आगर रोडला भाड्याने राहतो. पप्पा देवासच्या एका कंपनीत, शिफ्टची नोकरी. आई मिशनच्या दवाखान्यात नर्स. धाकटा भाऊ सहावीत, देवास रोडच्या बाजूच्या एका कॉन्व्हेंटमध्ये. म्हणजे आमचं घर शहराच्या एका टोकाला आणि बाकी सगळं दुसऱ्या टोकाला. यंदा बँकेने कर्जाला एकदाचं हो म्हटलं आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच नव्हता.

नातेवाईक सगळे म्हणाले, इंदूरला घ्या. त्यात तथ्य आहेच. मोठ्या शाळा, कोचिंग, दवाखाने, आणि उज्जैनपासून जेमतेम ५५ किलोमीटर. फतेहाबादची जुनी मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आल्यापासून रेल्वेचा जवळचा रस्ताही झालाय. मी वहीच्या मागच्या पानावर उज्जैन, इंदूर, देवास असे तीन ठिपके काढून पाहिले. देवास दोन्हीकडून जवळपास सारखंच, पस्तीस-चाळीस किलोमीटर. म्हणजे पप्पांच्या येण्या-जाण्यात काडीचाही फरक पडणार नव्हता. फरक पडणार होता आईला, कारण रोज ५५ किलोमीटर उलटे तिला यावे लागले असते.

मग देवासलाच का नाही? (साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी: ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे खाजगी सचिव होता आणि त्यावर त्याने पुढे 'द हिल ऑफ देवी' लिहिलं. पप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "त्याला नाइट शिफ्ट नव्हती.") देवासला पप्पांचा प्रवास वाचला असता. पण भावाची शाळा सुटली असती, आणि ती जागा मिळवायला आईने किती खेटे घातले होते ते मला आठवतं.

इथे एक गोष्ट मला वाचूनच कळली. इंग्लंडमध्ये ज्या सरकारी शाळेत जागांपेक्षा अर्ज जास्त येतात, तिथे शाळेजवळ राहणाऱ्या मुलाला बहुधा आधी घेतात. त्यामुळे चांगल्या शाळेभोवतीची घरं महाग होतात. आईबाप एका अर्थाने घराच्या किमतीत शाळेची जागा विकत घेतात. आपल्याकडे आरटीईच्या पंचवीस टक्क्यांत शेजार बघतात खरा, पण २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पसंख्याकांच्या शाळांना आरटीई लागू नाही. म्हणजे कॉन्व्हेंटच्या भिंतीला लागून घर घेतलं तरी त्या पत्त्यावर कायद्याने जागा मिळत नाही. आमची जागा आधीच हातात होती. आता घरानेच शाळेकडे जायचं होतं. ते किती जवळ जायला हवं, एवढाच प्रश्न राहिला.

पप्पांचं म्हणणं होतं, इंदूर रोडला शहराबाहेरच्या नव्या कॉलनीत घ्यावं. तेवढ्याच पैशात एक खोली जास्त. "व्हॅन येतेच की तिथपर्यंत. ही नाही का गेली बारा वर्षं व्हॅनने?"

ही म्हणजे मी. आणि इथे मला बोलावंच लागलं.

आगर रोडवरून माझी व्हॅन सकाळी सव्वासहाला यायची, कारण तिला शाळेच्या आधी आणखी नऊ मुलं घ्यायची असायची. फ्रीगंजच्या पुलावर अडकलो की पहिला तास गेला. पण जाण्याचं दुःख नव्हतं मला. शाळा सुटल्यावर दहा मिनिटांत व्हॅन निघायची. वादविवादाची तयारी, क्वायर, बास्केटबॉल, ग्रंथालयातल्या सिस्टर ज्या मुलींना जास्तीची पुस्तकं द्यायच्या त्या मुली, हे सगळं त्या दहा मिनिटांनंतर सुरू व्हायचं. मला त्याचा फक्त आवाज माहीत आहे, खिडकीतून येणारा. मार्क माझे चांगलेच होते. जवळ राहणाऱ्या मुलींना माझ्यापेक्षा जास्त मार्क पडायचे असंही नाही. पण त्यांना शाळा पूर्ण मिळाली, मला दीड वाजेपर्यंतची.

हे मी पहिल्यांदाच घरी बोलले. आई काही म्हणाली नाही. पप्पा म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतंस तर?" तेव्हा सांगून काय झालं असतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

दुसरा मुद्दा आजीचा. २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये महाकाळाच्या सवारीमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी श्रावणात सोमवारी शाळांना सुट्टी देऊन रविवारी शाळा ठेवली होती. सोमवारी रस्ते खरंच बंद असतात, तेव्हा सोय म्हणून ते समजण्यासारखं आहे. उत्तरेचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो आणि सवाऱ्या त्यांच्या भादव्यापर्यंत चालतात, त्यामुळे आपला मराठी श्रावणही त्यात येतो. आमच्या घरात मात्र त्या रविवारी मिस्सा की शाळा, असा पेच. भावाची व्हॅन सव्वासहाला, म्हणजे सकाळची मिस्सा गेली. संध्याकाळी पप्पांची शिफ्ट, मग आजीला नेणार कोण? आजीने हिशेब एका वाक्यात मांडला: "चर्च, शाळा अन् घर एका चपलेत झालं पाहिजे." एका चपलेत म्हणजे अंगठा तुटायच्या आत.

त्यानंतर ऋषीनगर आणि देवास रोडच्या आजूबाजूलाच बघायचं ठरलं. पप्पांना कंपनीची बस नागझिरीला मिळते, हेही जुळलं. फ्रीगंज आमच्या आवाक्याबाहेरच होतं, तिथे आम्ही फक्त आइस्क्रीम खायला जातो. कॉलन्या बघताना मला नवा शब्दकोश मिळाला: डायव्हर्शन, टी अँड सीपी, गाइडलाइन रेट, रजिस्ट्री. पुण्या-मुंबईची माणसं एनए म्हणतात त्याला इकडे डायव्हर्शन. एका दलालाने 'सगळे कागद क्लिअर' म्हणून दाखवलेल्या प्लॉटला रेरा नंबरच नव्हता. आईने तिथल्या तिथे पर्स उचलली.

शेवटी एक जुनं, दोन खोल्यांचं घर आवडलं. वर बांधायला जागा आहे, पण ती पंधरा वर्षांत कधी बांधून होईल ते पप्पाच जाणोत. पप्पा पंचेचाळीस वर्षांचे, कर्ज पंधरा वर्षांचं. भावाची शाळा आणखी सहा वर्षं. पप्पांनी ते बोटांवर मोजून दाखवलं: "सहा वर्षांसाठी पंधरा वर्षं फेडायचं." आई म्हणाली, "तुम्ही खोली मोजताय, मी पोरगा मोजतेय." यावर त्यांचं भांडण होईल असं वाटलं होतं, झालं नाही. पप्पा उठून दुसऱ्या दिवशीच्या शिफ्टचा डबा धुवायला गेले.

मुक्तिबोधांच्या घरात गजानन हिंदीत गेले आणि शरच्चंद्र मराठीत लिहिते झाले. गजाननराव उज्जैनलाच मिडलच्या परीक्षेत एकदा नापास झाले होते, हे मी भावाला मुद्दाम सांगून ठेवलंय. आमच्याकडेही तसंच होणार बहुतेक. मी इथे मराठी शिकतेय आणि तो फोनवर मला "दीदी, मैं चलके आया" म्हणतो. आजी मागून ओरडते, "चालत आलो म्हण!" नव्या घरात तिला त्याच्यासोबत रोज दोन तास जास्त मिळतील. बघू कोण जिंकतं.

टोकन दिलंय. मूळ मालकाच्या नामांतरणाचा एक कागद तहसीलमध्ये अडकलाय, बँक त्यासाठी थांबली आहे. भावाने मात्र त्या घरापासून शाळेपर्यंत सायकल चालवून वेळ घेतली: अकरा मिनिटं, वाटेत समोसे घेतले तर सतरा. क्वायरमध्ये नाव द्यायचं की बास्केटबॉलमध्ये, यावर काल त्याचा मला मेसेज होता.